नऊ वाद्यांचा वसंत

दारियुस मियो या फ्रेंच संगीतकाराने १९१७ साली रिओ द जानेरोत एक सिंफनी लिहिली. तिला वादक लागतात फक्त नऊ: पिकोलो, फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हार्प, दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. तिचे तीन भाग आहेत आणि तिन्ही मिळून ती चारेक मिनिटांत संपते. जेमतेम सात वर्षांपूर्वी, १९१० साली, म्युनिकमध्ये गुस्ताव्ह मालरची आठवी सिंफनी पहिल्यांदा सादर झाली तेव्हा रंगमंचावर हजाराहून अधिक गायक-वादक होते. सिंफनी म्हणजे भव्यता, विस्तार, तासाभराची बैठक हे समीकरण पक्कं झालेल्या काळात पंचविशीतल्या एका तरुणाने चार मिनिटांच्या रचनेला सिंफनी म्हणावं, हे अनेकांना धाडस वाटलं, काहींना थट्टा वाटली. त्यातून तिची खरी गोम वेगळीच होती. तिच्यातली वाद्यं एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजतात. पाश्चात्त्य संगीतात या तऱ्हेला पॉलिटोनॅलिटी म्हणतात. ‘वसंत’ हे नाव दिलेल्या या रचनेपासून १९२३पर्यंत मियोने अशा सहा छोट्या सिंफनी लिहिल्या. संगीताच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो, मोठ्या कामापूर्वीचे तरुणपणीचे प्रयोग म्हणून. मला हा निवाडा मान्य नाही. अनेक पट्ट्या एकत्र वाजवण्याची कल्पना कानाला खरोखर कुठे पटत असेल, तर ती अशा छोट्या जमावात आणि अशा थोड्या वेळातच पटते. या रचनांचा आटोपशीरपणा हे त्यांचं उणेपण नव्हे, त्यांचं सगळं सामर्थ्यच त्यात आहे.

पट्टी म्हणजे काय हे मराठी श्रोत्याला मुद्दाम सांगावं लागत नाही. गायक पेटीवाल्याला ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ सांगतो, तानपुरे त्या स्वरात लागतात आणि पुढची सगळी मैफल त्या एका षड्जाच्या आधाराने चालते. पाश्चात्त्य संगीतातही प्रत्येक सुरावटीला असा एक घरचा स्वर असतो. फरक दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे तिथे त्या घरच्या स्वराभोवती कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, एक पूर्ण व्यवस्था उभी असते. दुसरं म्हणजे तिथे रचना चालू असताना घर बदलता येतं. पांढरी एकमध्ये सुरू झालेली सुरावट पांढरी पाचमध्ये जाते, आणखी कुठे भटकते आणि शेवटी मूळ घरी परतते. हायडन, मोझार्ट, बीथोव्हन यांच्या सिंफनीतलं नाट्य बरंचसं या जाण्या-येण्यातच असतं. मात्र एका क्षणी घर एकच. मियोने हा नेम मोडला. बासरी एका घरात, त्याच वेळी चेलो दुसऱ्या घरात, आणि दोघांनाही आपापली चाल पूर्ण करायची मुभा.

या कल्पनेपर्यंत तो कसा पोहोचला हे पाहिलं की तिच्यामागे नुसती खोडी नव्हती हे कळतं. मियोचा जन्म १८९२चा, मार्सेयचा. बालपण गेलं दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस या गावात, बदामाचा व्यापार करणाऱ्या सुखवस्तू ज्यू घरात. व्हायोलिन शिकत तो १९०९मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत आला आणि तिथे आंद्रे जेदाल्ज या गुरूंच्या हाताखाली काउंटरपॉइंट शिकला. काउंटरपॉइंट म्हणजे दोन किंवा अधिक स्वतंत्र सुरावटी एकमेकींना न मोडता एकत्र चालवण्याची विद्या. जेदाल्ज यांचा कटाक्ष असा, की विद्यार्थ्याने आधी कुठल्याही साथीशिवाय गाता येतील अशी आठ मापं (बार) लिहून दाखवावीत, बाकीचं नंतर. हा आग्रह मियोच्या अंगात मुरला. त्याच्या अतिशय धीट रचनांमध्येही एकेक वाद्याची ओळ वेगळी काढून पाहिली, तर ती साधी, गुणगुणता येईल अशी निघते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कवी आणि मुत्सद्दी पॉल क्लोदेल यांच्या नाट्यकृतींना संगीत देताना त्याने पट्ट्यांवर पट्ट्या चढवायला सुरुवात केली होती. १९१७मध्ये क्लोदेल ब्राझीलमध्ये फ्रान्सचे राजदूत झाले आणि मियोला चिटणीस म्हणून सोबत घेऊन गेले. रिओत तो पोहोचला तो कार्निव्हलच्या तोंडावर. रस्त्यावरचे टँगो आणि माशीशी हे नाच, चित्रपटगृहात पियानो वाजवणारा एर्नेस्तो नाझारेत, शहराला लागून असलेलं जंगल, हे सगळं त्याने दोन वर्षं कान भरून ऐकलं. आत्मचरित्रात त्याने रात्री गावाबाहेर, मोकळ्यावर एकटं असतानाच्या एका अनुभवाबद्दल लिहिलं आहे. आकाशाच्या सगळ्या दिशांनी आणि जमिनीखालूनही आपापलं संगीत घेऊन येणाऱ्या लहरी एकाच वेळी आपल्यापाशी येऊन मिळताहेत, असं त्याला वाटे. आपल्या संगीताचं मूळ तो तिथे सांगतो. त्याचा हा दावा शब्दशः घ्यायची गरज नाही. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे. ते आवाज एकत्र ऐकू येत होते, मात्र येत होते वेगवेगळ्या दिशांनी. पुढच्या सगळ्या वादाची किल्ली मला इथे दिसते.

१९२३च्या फेब्रुवारीत ‘ला रव्ह्यू म्युझिकाल’ या नियतकालिकात मियोने पॉलिटोनॅलिटीवर एक लेख लिहिला. तो वाचताना आधी हिशेबनीसाचं काम वाटतं. पांढरी एकचा कॉर्ड घ्यायचा, त्यावर उरलेल्या अकरा पट्ट्यांचे कॉर्ड एकेक करून ठेवायचे, मेजर-मायनरचे पर्याय पाहायचे, मग तीन-तीन कॉर्ड एकत्र करायचे. पण लेखाचा भर शेवटी या कोष्टकावर राहत नाही. कॉर्डवर कॉर्ड रचणं ही एक गोष्ट, आणि वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या चाली शेजारी शेजारी चालवणं ही दुसरी, असा भेद तो करतो, आणि त्याचा ओढा दुसऱ्या गोष्टीकडे आहे. पुरावा म्हणून तो थेट बाखकडे जातो. बाखच्या एका द्विस्वरी रचनेत एक आवाज एका पट्टीत चाल मांडतो आणि दुसरा तीच चाल पाच स्वर वरून म्हणू लागतो. क्षणभर दोन्ही आपापल्या घरात असतात. लेखातली आणखी एक मांडणी महत्त्वाची आहे. व्हिएन्नात शोएनबर्ग आणि त्याचे शिष्य बाराही स्वरांना समान मानून घरच्या स्वराचीच हकालपट्टी करत होते. मियोला त्या वाटेबद्दल आदर होता. शोएनबर्गची ‘पिएरो ल्युनेर’ फ्रान्समध्ये पहिल्यांदा सादर झाली ती मियोच्याच संचालनाखाली. पण आपली वाट वेगळी, हे तो स्पष्ट सांगतो. त्याला घर नको नव्हतं. त्याला अनेक घरं हवी होती, आणि प्रत्येक घर साध्या सात स्वरांचं.

पट्ट्या एकत्र वाजवण्याचे प्रसंग त्यापूर्वीही घडले होते, पण बहुतेक गमतीखातर. बीबर या संगीतकाराने १६७३मध्ये ‘बातालिया’ या रचनेत झिंगलेले शिपाई एकाच वेळी आठ वेगवेगळी गाणी गाताहेत असं दाखवलं. मोझार्टच्या १७८७मधल्या ‘सांगीतिक विनोदा’चा शेवट वाद्यांनी वेगवेगळ्या पट्ट्यांत कोसळून होतो. तिथे बेसूरपणा हीच गंमत. अमेरिकेत चार्ल्स आइव्ह्जने मात्र हा प्रकार गांभीर्याने घेतला, आणि तंतुवाद्यांचा शांत पडदा इतर वादकांपासून दूर बसवून, जागेनेच आवाज वेगळे केले.

सगळ्या जोड्या सारख्याच खटकत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवं. मियोच्या ‘साउदादेस दु ब्राझील’ या १९२०-२१मधल्या नृत्यमालेत रिओच्या वस्त्यांची आणि ठिकाणांची नावं असलेले बारा तुकडे आहेत. मूळ पियानोसाठी लिहिलेल्या या तुकड्यांची त्याने पुढे वाद्यवृंदासाठीही मांडणी केली. त्यांतले दोन शेजारी ठेवून पाहावेत. ‘कोर्कोव्हादो’मध्ये डावा हात जी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी पाचमध्ये नाचाचा ठेका धरतो आणि उजवा हात डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये चाल वाजवतो. या दोन पट्ट्यांच्या सात स्वरांपैकी सहा सामाईक आहेत. वाद एकाच स्वरावर आहे: एकीकडे तो शुद्ध सी, दुसरीकडे अर्धा स्वर चढलेला. त्यामुळे ऐकताना भांडण जाणवत नाही, कडेला थोडी झाक मारल्यासारखी चमक जाणवते. आता ‘बोताफोगो’. इथे डावा हात एफ मायनरमध्ये, पांढरी चारवर, आणि उजवा त्याच्या अगदी शेजारच्या काळी तीनवर, एफ शार्प मायनरमध्ये. पेटीवर या दोन पट्ट्या एकमेकींना खेटून आहेत, पण त्यांच्या सप्तकांमध्ये जेमतेम दोन स्वर समान निघतात. शेजारी असूनही त्यांच्यात सोयरीक नाही. इथे प्रत्येक मापाला कान अडखळतो. म्हणजे पॉलिटोनॅलिटी ही एकच चव नव्हे. सौम्य उजळपणापासून बोचऱ्या घर्षणापर्यंत तिचा पल्ला आहे, आणि रचनाकार पट्ट्यांची जोडी निवडताना हा पल्ला हातात धरून असतो. ‘अनेक पट्ट्या म्हणजे गोंगाट’ असं सरसकट म्हणणाऱ्याने निदान हे दोन तुकडे पाठोपाठ ऐकावेत.

तसं म्हणणारे लहान लोक नव्हते. १९२०च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या कोलोन मैफलीत गाब्रिएल पियर्ने यांनी मियोची ‘प्रोतेए’ ही मोठ्या वाद्यवृंदाची रचना सादर केली आणि सभागृहात हलकल्लोळ झाला. आरडाओरड झाली, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. त्यावर वयोवृद्ध कामिय सां-सान्स यांनी पियर्नेंना पत्र लिहून खेद कळवला. वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजणारी वाद्यं संगीत निर्माण करू शकत नाहीत, नुसता गलका करतात, असा त्या पत्राचा आशय होता. या आक्षेपाला जुन्या पिढीचा हट्ट म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. सां-सान्स यांचा कान तिखट होता आणि त्यांनी ऐकली होती ती रचना खरोखरच प्रचंड वाद्यवृंदाची होती. सोळा व्हायोलिन एका पट्टीत, पितळी वाद्यांचा जथा दुसऱ्या पट्टीत, दोन्ही पूर्ण जोराने, अशा वेळी कोण कुठल्या घरचा हे ओळखणं कठीणच जातं. त्यांचं म्हणणं ‘प्रोतेए’ला काही अंशी लागू पडतं असं मला वाटतं. ‘वसंत’ला ते लागू पडत नाही. तिथे प्रत्येक ओळीला एकच वादक आहे.

याहून खोल आक्षेप घेतला तो पुढे दोन मोठ्या रचनाकारांनी. पाउल हिंडेमिट यांनी १९३७मधल्या आपल्या रचनाशास्त्राच्या ग्रंथात असं मांडलं, की दोन पट्ट्या समांतर चालवण्याचा खेळ रचनाकाराला रमवतो खरा, पण ऐकणाऱ्याला त्या वेगळ्या कळत नाहीत. एकत्र वाजलेल्या स्वरांना कान कुठल्या तरी एकाच मूळ स्वराशी जोडतोच. बेला बार्टोक यांनी १९४३मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत जवळपास हेच सांगितलं: पॉलिटोनॅलिटी कागदावर डोळ्यांना दिसते, कान मात्र एक पट्टी आधार म्हणून निवडतो आणि बाकीचे स्वर तिच्या संदर्भात ऐकतो. १९८६मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि मार्क श्मुक्लर या मानसशास्त्रज्ञांनी स्ट्रॅव्हिन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’तला प्रसिद्ध तुकडा घेऊन श्रोत्यांवर प्रयोग केले. त्या तुकड्यात पांढरी एक आणि काळी तीन यांचे कॉर्ड एकत्र येतात. दोन्ही पट्ट्या श्रोत्यांना स्वतंत्रपणे जाणवत असल्याचा आधार त्या प्रयोगांतून मिळाला नाही. रचनाकारांचं मत आणि प्रयोगाचा निष्कर्ष एका बाजूला उभे राहिले, की प्रकरण मिटलं असं वाटू शकतं.

पण हे पुरावे कशावर उभे आहेत ते पाहावं. बार्टोक बोलत होते ते स्वतःच्या १९०८मधल्या एका बॅगाटेलबद्दल. तिच्यात वरच्या ओळीला चार शार्प आणि खालच्या ओळीला चार फ्लॅट लिहिलेले आहेत. ती पियानोची रचना आहे. एक वाद्य, एकच नाद, एकच वादक. ‘पेत्रुश्का’तला तो तुकडा सुरुवातीला वाजतो दोन क्लॅरिनेटवर, एकाच जातीच्या वाद्यांवर, आणि दोघेही जवळजवळ एकाच लयीत कॉर्डचे स्वर मोडून वाजवतात. त्याला चाल म्हणताच येत नाही. हिंडेमिट यांचा सिद्धान्तही एका क्षणी उभ्या रांगेत वाजणाऱ्या स्वरांचा आहे, पुढे जाणाऱ्या चालींचा नाही. म्हणजे तिन्ही ठिकाणी दोन ओळी कानात एकजीव व्हायला अनुकूल अशीच परिस्थिती आहे. आता कान आवाज वेगळे कशाच्या आधाराने करतो, ते पाहू. मॉन्ट्रियलच्या अल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९०मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. नादाचा पोत वेगळा असला, सप्तक वेगळं असलं, आवाज वेगळ्या वेळी सुरू होत आणि थांबत असले, वेगळ्या दिशेने येत असले, तर कान त्यांना वेगवेगळ्या प्रवाहांत लावतो. यातलं काहीच नसेल, तर तो त्यांना एकत्र करतो. ‘वसंत’ची वाद्ययोजना या कसोटीवर ताडून पाहा. पिकोलोचा किनरा सूर अगदी वर, ओबोचा अनुनासिक आवाज मध्ये, चेलो खाली, हार्पचे स्वर छेडले की विरून जाणारे, तारवाद्यांचे रेंगाळणारे. प्रत्येकाची चाल निराळी, ओळखीच्या लोकधुनेच्या अंगाने जाणारी, स्वतःत पुरी. कानाला आवाज वेगळे ठेवायला जे जे लागतं ते सगळं मियोने पुरवलं आहे. १९१७ साली त्याला मानसशास्त्राचा आधार नव्हता. त्याच्याकडे जेदाल्ज यांची शिकवण होती आणि स्वतःचा कान होता.

तरी बार्टोक यांचं म्हणणं मी पूर्णपणे फेटाळणार नाही. ‘वसंत’ ऐकतानाही श्रोता पट्ट्या मोजत बसत नाही, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत खालची किंवा सर्वांत ठाम ओळ जमिनीसारखी काम करते. इतकं मान्य करूनही पॉलिटोनॅलिटी उरते. वरच्या बासरीची चाल त्या जमिनीशी जुळत नाही, पण तिला चुकलीही म्हणता येत नाही, कारण ती स्वतःच्या घराशी तंतोतंत इमान राखून चाललेली असते. बेसूर वाजवणारा वादक कुठल्याच सुराला धरून नसतो. इथली बासरी अगदी सुरात आहे, फक्त तो सूर वेगळ्या पट्टीतला आहे. हा भेद कान ओळखतो, आणि या रचनांचा सगळा आनंद त्या ओळखण्यात आहे.

माझ्या या म्हणण्याची परीक्षा घ्यायची सोय मियोनेच करून ठेवली आहे. चौथी आणि पाचवी छोटी सिंफनी दोन्ही दहा-दहा वाद्यांच्या आहेत. १९२१मधली चौथी निव्वळ तारवाद्यांची: चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, दोन डबल बेस. १९२२मधली पाचवी निव्वळ फुंकवाद्यांची: पिकोलो, फ्लूट, ओबो, इंग्लिश हॉर्न, क्लॅरिनेट, बेस क्लॅरिनेट, दोन बसून, दोन हॉर्न. रचनाकार तोच, वर्षाभराचं अंतर, वादकांची संख्या सारखी, लांबीही फारशी निराळी नाही. चौथीच्या शेवटच्या भागात, ज्याला त्याने ‘एत्यूद’ म्हणजे अभ्यास असं नाव दिलं, दहा ओळी एकमेकींच्या अंगावर येतात आणि थोड्याच वेळात त्यांचा एक करडा, दाट थर होतो. जोश आहे, पण कोण कुठल्या घरचा हे हरवतं. पाचवीचा शेवटचा भाग नावानेच ‘हिंसक’ आहे, तरी त्या झोंबाझोंबीत प्रत्येक वाद्याचा चेहरा दिसत राहतो, कारण बसूनला ओबो समजण्याची चूक कोणी करत नाही. चौथी सिंफनी मला कमी आवडते ती यामुळे. सां-सान्स यांची तक्रार तिच्या शेवटच्या मिनिटाला काही अंशी लागू होते, आणि पॉलिटोनॅलिटीचं यश वाद्यांच्या नादावर किती अवलंबून आहे, हे या दोघींना शेजारी ठेवल्यावर कळतं.

राहिला लांबीचा प्रश्न. चार मिनिटांत विकास काय होणार, ही तर नुसती चुणूक झाली, असं टीकाकार म्हणत. यावर एक उत्तर ऐतिहासिक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मॉन्तेव्हेर्दीच्या काळात सिंफोनिया म्हणजे वाद्यांचा एखाद-दुसऱ्या मिनिटाचा तुकडा असे, आणि मियो त्या परंपरेकडे बोट दाखवत होता. पण याहून पक्कं उत्तर रचनेच्या आत आहे. मोठी सिंफनी लांब होते ती घर सोडून जाण्याने आणि परत येण्याने. दूरची पट्टी ही तिची पुंजी असते. ती पुंजी जपून, विलंबाने खर्च केली जाते, म्हणून चाळीस मिनिटं उत्सुकता टिकते. पॉलिटोनॅलिटीत ही सगळी पुंजी पहिल्याच मापात खर्ची पडते. सगळी घरं आधीच हजर असतील, तर जायचं कुठे आणि परतायचं कुठे? अशा रचनेपुढे दोनच मार्ग उरतात. एकतर तिला बाहेरून गती द्यायची, किंवा सांगायचं ते सांगून थांबायचं. १९१९मधल्या ‘ल बफ स्यूर ल त्वा’ या पंधरा-वीस मिनिटांच्या रचनेत मियोने पहिला मार्ग घेतला. ब्राझिली धुनांच्या मालिकेत एक ठसठशीत चाल पुन्हा पुन्हा येते आणि येताना बाराही मेजर पट्ट्यांतून फिरते. अनेक पट्ट्या एकत्र वाजत असूनही श्रोता हरवत नाही, कारण त्याला नाचाचा धागा हाती लागलेला असतो. छोट्या सिंफनींमध्ये त्याने दुसरा मार्ग घेतला. ‘वसंत’चा प्रत्येक भाग मिनिटभराच्या आगेमागे संपतो. कानाला चाली वेगळ्या ऐकू येऊ लागतात, त्यांचं एकमेकींवर घासणं आवडू लागतं, आणि तो दमण्याआधी रचना थांबते. मियोने पुढे १९३९पासून मोठ्या वाद्यवृंदासाठी बारा सिंफनी लिहिल्या, त्यातली पहिली शिकागोच्या वाद्यवृंदाच्या पन्नासाव्या वर्षासाठी. मोठं लिहिता येत नव्हतं म्हणून त्याने छोटं लिहिलं, असं कोणी म्हणू नये. या मोठ्या सिंफनींमध्येही पट्ट्यांचे थर आहेत, पण तिथे ते वाद्यवृंदाच्या गर्दीत बरेचदा बुडून जातात.

एक आक्षेप खास आपल्याकडचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. ज्याचा कान तानपुऱ्यावर घडला त्याला दोन षड्ज एकत्र ऐकणं हे संगीताचा पायाच उखडल्यासारखं वाटेल. मियोच्या संगीताशी काही संबंध नसताना याचं एक उत्तर आपल्याच मैफलीत तयार झालं आहे. ते म्हणजे पंडित जसराज यांनी घडवलेली जसरंगी जुगलबंदी. स्त्री आणि पुरुष गायकांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. या जुगलबंदीत गायिकेचा मध्यम हा गायकाचा षड्ज धरला जातो आणि दोघं आपापल्या षड्जावर वेगळा राग गातात. तिने दुर्गा गायला, की मूर्च्छनेने तेच स्वर त्याच्या षड्जावरून भूप होतात. तिचा आभोगी त्याचा कलावती होतो. अश्विनी भिडे-देशपांडे आणि संजीव अभ्यंकर यांनी हा प्रकार श्रोत्यांपुढे आणला आहे. इथे दोन षड्ज एकाच वेळी जिवंत असतात आणि मराठी श्रोता ते समजून ऐकतो. अर्थात फरकही मोठा आहे. जसरंगीत षड्ज दोन असले तरी स्वर एकच आहेत, म्हणून घर्षण होत नाही. मियोकडे षड्जही वेगळे आणि स्वरही वेगळे. पण दोन्हीकडे गणित जमतं ते एकाच कारणाने. आवाजांची जात वेगळी आहे, आणि प्रत्येकाकडे गाण्यासारखी पुरी चाल आहे. दोन पुरुष गायकांनी एकाच सप्तकात जसरंगी गायली तर तिचं काय होईल, याचा विचार करून पाहावा.

थर रचण्याची ही ओढ मियोला आयुष्यभर होती. १९४८-४९मध्ये त्याने चौदावी आणि पंधरावी स्ट्रिंग क्वार्टेट अशा लिहिल्या, की त्या स्वतंत्रपणेही वाजवता येतात आणि एकत्र, अष्टक म्हणूनही. नाझींमुळे १९४०मध्ये फ्रान्स सोडून तो कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात शिकवायला गेला. तिथे युद्धानंतर डेव्ह ब्रुबेक त्याचा शिष्य झाला आणि त्याने पट्ट्यांवर पट्ट्या चढवण्याची ही तऱ्हा जॅझमध्ये नेली, तीही चार वादकांच्या चमूत. आपल्या मुलाचं नाव त्याने गुरूच्या नावावरून दारियस ठेवलं.

आज मैफलींत छोट्या सिंफनी क्वचितच ऐकायला मिळतात आणि त्याचं कारण बरंचसं व्यवहारी आहे. साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद मंचावर असताना नऊ जणांसाठी बाकीच्यांना बसवून ठेवणं, चार मिनिटांसाठी हार्प आणवणं, हे कोणत्याही व्यवस्थापकाला जड वाटणार. मियोने उतारवयात लक्झेंबर्ग रेडिओच्या वादकांकडून या सहाही सिंफनी स्वतःच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित करून घेतल्या. सहा मिळून अर्ध्या तासाचा ऐवज आहे, एका मध्यंतरापर्यंत सहज पुरेल एवढा. आणि ज्यांना फक्त ‘वसंत’च वाजवायची आहे, त्यांनी ती लागोपाठ दोनदा वाजवावी. पहिल्या खेपेला कान वाद्यं ओळखतो, दुसऱ्या खेपेला त्यांची घरं ओळखू लागतो, आणि दोन्ही मिळून आठच मिनिटं होतात.